रिव्हेटांसाठी बेघर झालेले मटार

चहा घ्या आधी. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. पुढे जे ऐकाल त्यात माझी फजिती आहे, चूक नाही. फजिती वेगळी, चूक वेगळी! हसा हवं तेवढं, पण माफी मी तेव्हा मागितली नाही आणि आजही मागणार नाही.

मी विमानाचं पत्रेकाम शिकवतो, इथेच नाशिकमधल्या एका छोट्या ट्रेनिंग सेंटरमध्ये. पत्र्यांना भोक पाडायचं, रिव्हेट, म्हणजे गोल डोक्याची छोटी धातूची खीळ, घालायचा, ठोकून त्याचं मागचं टोक चपटं करायचं, की जोड पक्का. दिसायला शर्टाच्या बटणाएवढी वस्तू. पण त्यातली एक जात भलती नखरेल! भट्टीतून काढून पाण्यात बुडवली की मऊ असते, आणि बाहेर राहिली की कडक व्हायला लागते. मग ठोकलीत की तडकलीच. म्हणून तिला फ्रीजरमध्ये ठेवायचं. गारठ्यात ती मऊ राहते.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी निरोप आला, उद्या दिवसभर सेंटरच्या भागातली लाईट जाणार. जनरेटर बिघडलेला. आणि सोमवारी सकाळी माझ्या बॅचची प्रॅक्टिकल परीक्षा, परीक्षक बाहेरचे! रिव्हेट कडक झाले की जोड तडकणार आणि पोरं नापास. किरण नावाच्या मुलीला तर पास झाली की लगेच नोकरी मिळणार होती. मग मी काय हातावर हात ठेवून बसायचं? फ्रीजरमध्ये पुढेच असलेला रिव्हेटांचा स्टीलचा डबा उचलला, बर्फात घातला आणि स्कूटरवरून थेट नाशिक रोडला घरी आणला.

फ्रीज उघडतो तर काय, फ्रीजर मटारनं गच्च!

सासूबाई सायखेड्याहून शेतातल्या मटारचं पोतं घेऊन आल्या होत्या. दिवसभर बसून सोललेले, वाफवलेले, पिशव्या भरून रचलेले. वर्षाची बेगमी.

"आई, हे काढावं लागेल."

"काढा की. आन् ठिवायचं कुठं?"

"विमानाचे रिव्हेट आहेत. गारच राहायला हवेत."

"आन् मटार काय उन्हात ठिवू? एवढी नाजूक चीज कशाला वापरता वो जावईबापू? आमच्या ट्रॉलीला वेल्डिंग मारलं की झालं. लय टिकतं!"

"विमानाचा हा पत्रा वेल्डिंगच्या आचेनं कमजोर पडतो, आई. ट्रॉली मोडली तर शेतात उभी राहते. विमान कुठे उभं राहणार?"

मुद्दा बिनतोड होता, तुम्हीच सांगा! मटार बाहेर आले, रिव्हेट आत गेले.

तेवढ्यात बायकोनं, वैशालीनं, विचारलं, "अहो, डबा उघडून बघितलात ना?"

"उघडायचा नसतो तो! उघडला की गरम हवा आत जाते."

हे वाक्य लक्षात ठेवा हं.

आमचा फ्रीज एका दाराचा. म्हणजे दुधासाठी दार उघडलं तरी फ्रीजरला झळ. मी सरळ फ्रीजपुढे स्टूल टाकून बसलो. रविवारभर दार बंद! घरात काळा चहा. वैशाली मटारच्या पिशव्या घेऊन बिल्डिंगचे जिने चढली-उतरली, पण हंगामच तो. सगळ्यांचे फ्रीजर मटारनंच भरलेले! मग सकाळी मटारची उसळ, दुपारी मटारभात, संध्याकाळी मटारच्या करंज्या. तरी निम्म्याहून जास्त उरले, आणि त्यांना वास यायला लागला.

एवढ्यात सोसायटीचे चेअरमन दारात. जिन्यात बातमी फुगत फुगत त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"तुम्ही म्हणे घरात विमानाचं काहीतरी आणलंय? गरम झालं तर धोका आहे?"

"आहे."

"कोणाला?"

"माझ्या पोरांच्या निकालाला!"

"स्फोट वगैरे नाही ना होणार?"

"फ्रीज उघडलात तर होईल. माझा!"

ते दोन पायऱ्या मागे सरकले. सासूबाई कोपऱ्यात बसून आंबलेले मटार निवडत होत्या. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण मी स्टूल सोडलं नाही.

सोमवारी परीक्षकांसमोर मी बर्फातून डबा काढला. गारठ्याचं महत्त्व, शिस्त, जबाबदारी, असं छोटंसं भाषणही केलं. परीक्षक खूश. झाकण उघडून एक रिव्हेट त्यांनी किरणच्या हातावर ठेवला.

"डोकं बघून सांग, कोणता?"

तिनं डोकं बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा डोकं.

"सर, कडक होणाऱ्या जातीच्या डोक्यावर दोन उठावाच्या रेघा असतात. हा कोरा आहे. साध्या ॲल्युमिनियमचा, सरावाचा."

"याला बर्फ लागतो?"

"नाही सर. कपाटात वर्षभर पडला तरी मऊच राहतो."

"शाब्बास! कुणी शिकवलं?"

"ह्या सरांनीच."

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. आता मला सांगा, सेंटरच्या फ्रीजरवर 'रिव्हेट येथे ठेवावेत' अशी पाटी मीच लावली होती, आणि स्टोअरवाल्यानं इमानेइतबारे सगळ्याच जातींचे डबे आत ठेवले, यात माझं काय चुकलं?

मी घसा खाकरला. "मुद्दामच बर्फात ठेवले होते, साहेब. पोरं फसतात का ते बघायला."

किरण पहिली आली. म्हणजे शिकवणारा चांगलाच होता ना? घरी सासूबाईंनी विचारलं, "पोरगी पास झाली का?" म्हटलं, पहिली आली. "मंग जाऊ द्या मटार," म्हणाल्या. मीही पुढे काही बोललो नाही. प्रकरण मिटलं!

पण संध्याकाळी किरण पेढे घेऊन आली आणि भोळेपणानं सगळं सांगून गेली. अगदी कोऱ्या डोक्यासकट. सासूबाईंनी पेढा खाल्ला.

यंदाच्या हिवाळ्यात त्या पुन्हा आल्या. पोतं माझ्यापुढे ओतलं, शेजारी रिकामं पातेलं ठेवलं आणि समोर मांडी घालून बसल्या.

"घ्या जावईबापू, सोला. आन् येकेकाचं डोकं बघा बरं आधी. उगं नको तो दाना फ्रीजात जायचा."

मी अख्खं पोतं सोललं. पण मान ताठ ठेवून!