रविवारचा हीटर

नवी मुंबईत गाडीचा हीटर दुरुस्त करून मागणारी बाई वेडी समजली जाते. गॅरेजवाला आधी हसतो, मग तुमच्या मागे बघून विचारतो, "साहेब आलेत का सोबत?" साहेब नाहीत. गाडी माझी, चालवते मी. आणि हीटर मला माझ्यासाठी नकोच होता. मला तर इथे डिसेंबरातसुद्धा घाम येतो.

हीटर हवा होता बाबांसाठी. आई गेल्यावर ते साताऱ्याकडचं घर बंद करून नेरूळला माझ्या फ्लॅटमध्ये राहायला आले. त्यांच्या पायांना रक्त कमी पोचतं, त्यामुळे पाय कायम गार. भर उन्हाळ्यात पंखा बंद, पायांत मोजे आणि वर गोधडी. डॉक्टर म्हणाले, त्यांना घराबाहेर काढा, माणसांत राहू द्या. पण सोसायटीच्या बागेत जरा वेळ बसले की पाय दुखायला लागायचे आणि "चल वर" सुरू व्हायचं. हळूहळू त्यांनी खाली उतरणंच सोडलं. दिवसभर गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. मी महाप्याहून ऑफिस करून यायचे आणि काही विचारलं तर "हं" किंवा "न्हाई" एवढंच ऐकायला मिळायचं.

एकदा पावसात त्यांना दवाखान्यातून घरी आणत होते. काचेवर वाफ धरली म्हणून मी एसीची कळ गरमकडे फिरवली आणि चुकून हवा पायांकडे सोडली. बाबा एकदम सरळ बसले. "ह्ये काय सोडलंस गं? लई बरं वाटतंय." तिथून घरापर्यंत ते बोलत होते. त्यांच्या लहानपणी गुऱ्हाळात चुलवणापाशी पाय शेकत बसायचे, तेही सांगितलं. मी ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मग दर रविवारी आम्ही निघायला लागलो. पामबीच रोडने बेलापूरपर्यंत जायचं आणि तिथून वळून परत यायचं. बाजूच्या गाड्यांत लोक एसी लावून गारेगार बसलेले आणि आमच्या गाडीत हीटर. माझा कुर्ता पाठीला चिकटायचा, शेजारी बाबा मात्र मोजे काढून, उघडे पाय हवेसमोर धरून खुशीत. कुठल्या पाट्या नव्या लागल्या, कुठली इमारत कधी उभी राहिली, सगळ्यावर त्यांचं मत असायचं. आठवड्याचं सगळं बोलणं ते त्या एका फेरीत बोलून घ्यायचे. त्या रविवारांवर मी आठवडा काढत होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

एका रविवारी त्यांनी काढून ठेवलेले मोजे ओले निघाले. पायाखालची चटई हिरवट, चिकट, आणि गाडीभर गोडसर वास. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळत होतं. माझी गाडी जुनी, टर्बोची डिझेल. तिच्यात इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डच्या पोटातल्या नळ्यांच्या एका छोट्या वेटोळ्यातून फिरतं आणि त्या वेटोळ्यावरून येणारी हवा गरम होते. ही हीटरची कॉइल सडली होती. शिरवण्यातल्या माझ्या नेहमीच्या गॅरेजवाल्याला मी गाडी दिली आणि सांगितलं, कॉइल बदला. संध्याकाळी फोन आला, "ताई, काम झालं, गळती बंद." एवढं मोठं काम इतक्या लवकर कसं झालं, हे विचारायला हवं होतं. मी चावी घेतली आणि खूश होऊन घरी आले.

अख्खा हिवाळा आम्ही फिरलो. मी निघताना कळ गरमकडे फिरवायचे आणि विचारायचे, "येतेय ना ऊब?" बाबा म्हणायचे, "येतीय की." मला घाम कमी येत होता, तो मी हिवाळ्याच्या खात्यावर टाकला. मग फेब्रुवारीत त्यांचा चष्मा पायाशी पडला. सिग्नलला थांबून तो उचलायला मी खाली वाकले आणि माझा हात हवेच्या जाळीसमोरून गेला. हवा साधी होती. ऊब नव्हतीच त्या हवेत.

"बाबा, ही गार हवा आहे!"

"हां? मला वाटलं येतीय ऊब," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मी घाबरले. पायांना गरम-गार कळेनासं झालं म्हणजे मामला गंभीर. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कापूस लावला, टोचलं, गरम पाण्याची नळी टेकवली. बाबांनी डोळे मिटून सगळं बरोबर सांगितलं. "यांना सगळं व्यवस्थित कळतंय," डॉक्टर म्हणाले. जीव भांड्यात पडला आणि डोकं मात्र चक्रावलं. बाबांना विचारलं तर "न्हाई आलं ध्यानात" यापलीकडे काही नाही. मग सगळा राग घेऊन मी शिरवण्याला गेले.

गॅरेजवाल्याने शांतपणे बॉनेट उघडून दाखवलं. हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप कापून त्याने एकमेकांना जोडून टाकले होते. पाणी आता कॉइलकडे जातच नव्हतं.

"मी बदलायला सांगितलं होतं ना?"

"ताई, पानी बंद झालं ना? हितं कोन हीटर लावतंय? आमी समद्या गाड्यांना असंच करतो. उगाच डॅशबोर्ड खोलायचा, तुमचाच खर्च वाचवला."

त्याने खरंच माझ्यावर उपकार केले होते, असा त्याचा चेहरा. या भागात हीटर ही वस्तूच नाही, त्यामुळे ती काढून टाकण्याआधी विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मी आवाज चढवला. शेजारच्या टपरीवरची माणसं चहा सोडून बघायला आली. शेवटी तो म्हणाला, "बरं, बसवतो. पन टर्बोचे पाइप मधी येतात, हात जात नाय. टाइम लागेल." मी म्हटलं, लागू दे.

लागला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, पार्ट येत नाही, गाडी बदलून टाका. बाहेरून मागवलेली कॉइल आली ती पेट्रोल मॉडेलची, तिचे पाइप भलत्याच बाजूला. ती परत गेली. दुसरी वाटेत चेपली. तोवर माझी गाडी आतडी बाहेर काढल्यासारखी उघडी पडलेली, सीटवर डॅशबोर्ड आणि वायरींचे झुबके. मी रोज फोन करायचे आणि रोज "उद्या" ऐकायचे. रविवार येत होते आणि जात होते. "टॅक्सी मागवू का?" म्हटलं तर बाबा म्हणायचे, "नगं." ते पुन्हा गॅलरीच्या दारात बसायला लागले. पुन्हा "हं" आणि "न्हाई". मला त्या खुर्चीचासुद्धा राग यायला लागला.

एप्रिलच्या उन्हात एकदाचं काम संपलं. तर हवा गारच! गॅरेजवाला म्हणाला, पाइपात हवा अडकली असेल, ती काढावी लागेल. मग काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून, तो आणि मी पुढच्या सीटवर बसलो, दोघंही जाळीसमोर हात धरून, घामाने निथळत. अधूनमधून तो उतरायचा, पाइप सैल करून हवा सोडायचा, पुन्हा येऊन बसायचा. आणि अचानक हाताला चटका बसल्यासारखी गरम हवा आली. "आली, आली!" म्हणून तो ओरडला, तेव्हा मला त्याचा राग धरून ठेवणं अवघड गेलं. डॅशबोर्ड आता खड्ड्यात कुरकुरतो आणि घड्याळ बंद पडलंय. पण ते मी सोडून दिलं.

त्या रविवारी बाबा फार आढेवेढे न घेता खाली उतरले. पामबीचला लागल्यावर त्यांनी वाकून एक मोजा काढला, मग दुसरा. उघडे पाय जाळीसमोर धरले. अख्ख्या हिवाळ्यात त्यांनी मोजे एकदाही काढले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"म्हणजे तुम्हाला कळत होतं," मी म्हटलं.

"कळत हुतं की."

"मग बोलला का नाहीत? मी दर रविवारी विचारत होते ना!"

"बोललो आस्तो तर तू लगीच गाडी गॅरेजात टाकली आस्तीस." ते समोर बघत होते. "पायाचं काय गं? त्ये घरी बी गारच असत्यात."

मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं भरून आलं की बेलापूरचं वळण मागे पडलं.

"आगं, वळायचं राह्यलं," बाबा म्हणाले.

"राहू दे," मी म्हटलं.