लढाईच्या मंजुरीचा अर्ज

महिन्याचा दुसरा शनिवार, सकाळी साडेदहा. स्थळ: नांदेड, आमच्या कॉलनीचं वाचनालय. हजर: अध्यक्ष, सचिव म्हणजे मी, पाच सभासद, आणि बिलोलीच्या बसस्थानकावरून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले काका. कुठलाही विषय निघाला की चष्मा कपाळावर चढवून ते विचारायचे, "मंजुरी कुनाची?"

असे एक काका तुमच्याही सभेत असतील.

अध्यक्षांनी एकदा कुणालाही न विचारता कॉलनीचा बोअर दोन दिवस बंद ठेवला. काकांनी लगेच नियम करून घेतला: तातडीचं असेल तर अध्यक्षांनी खुशाल करावं, पण आठ दिवसांत खास सभा बोलावून तिच्यापुढं यावं. सभा नको म्हणाली, तर थांबावं.

"काका, लई छळता बघा तुम्ही," अध्यक्ष म्हणाले.

"छळत न्हाई साहेब. लगाम लावून राहिलो."

सीमेवर तणाव वाढला, त्या महिन्यात त्यांनी अर्ज लिहून आणला. खासदारांमार्फत लोकसभेला. हल्ला परतवायला सरकारनं कुणासाठी थांबू नये. पण आपणहून फौज धाडली तर पंधरा दिवसांत संसदेची मंजुरी घ्यावी, नाहीतर फौज माघारी बोलवावी, असा कायदा करा.

"बोअरला मंजुरी लागती, अन् पोरं धाडायला न्हाई?"

त्यांचा एकुलता एक मुलगा तोफखान्यात. अर्ज त्याच्यासाठीच, आणि त्याच्यापायीच काकांना सही करता येईना. "बापाचं नाव वाचून तिकडं कुनी त्याला बोललं म्हंजे? ताई, पयली सही तुम्ही करा."

माझी सरकारी नोकरी. एका सभासदाचं दुकान, त्यांना गिऱ्हाईक तुटायची भीती. अध्यक्ष म्हणाले, "लोक देशाच्या विरोधात गेलो म्हणतील." शेवटी मी इतिवृत्तात लिहिलं: अर्ज योग्य आहे, ठराव एकमताने मंजूर. सह्या: नाहीत.

काका हसले. "एकमत हाय, मानूस एक बी न्हाई."

पुढं मुलाचा फोन लागेनासा झाला. काका सभेला येत, फोन मांडीवर ठेवून बसत, आणि काहीच विचारत नसत. एका पहाटे झोपेतच गेले.

मुलगा दहाव्याला पोचला. मी त्याला अर्ज दाखवला. त्यानं उभ्यानंच वाचला.

"फौजेत असल्यानं मला सही चालत न्हाई, काकू. पन बाबांनी बरोबर लिवलंय." मग कागद उलटून पाहिला. "तुमची सही कुठंय?"

अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे. आजच्या यादीतली चार कामं दुपारपर्यंत उरकली. पाचवं, सही करणे, उद्याच्या यादीत उतरवून घेतलं आहे.