पाऊण आभाळ आणि आक्काचं नाव

परवा आक्का गेली.

खाली 'सुटली बिचारी' असं कुणी लिहू नका. ती सुटली नाही. संपली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शैला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिला आष्ट्यात, सासरीच बघितलंय. कमी बोलणारी, चहा ठेवून आत निघून जाणारी बाई.

लग्नाआधी ती सांगलीत एका डीटीपी सेंटरमध्ये ऑपरेटर होती. हे तिच्या पोरालासुद्धा धड माहीत नव्हतं.

आम्ही मूळचे माण तालुक्यातले. आप्पा गिरणीत लागले म्हणून माधवनगरला आलो. गिरणी बंद पडली आणि घर आक्काच्या पगारावर आलं.

सेंटरमध्ये चपला बाहेर काढून आत जायचं. एसी होता, तो कॉम्प्युटरसाठी. माणसांना गार वाटायचं ते फुकटात.

दिवसभर लग्नपत्रिका. तोच गणपती, तेच सनईवाले, तीच 'यायचं हं'वाली ओळ.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या साली एका पतसंस्थेला कॅलेंडर हवं होतं. मालक म्हणाले, "झेंडा टाक, पांढरं कबूतर टाक, तुटलेली साखळी टाक. विषय संपला."

आक्कानं माळ काढला.

माऊसनं. गवताची काडी न् काडी वेगळी. रंगीत मॉनिटर एकच, तो मालकांचा. ते जेवायला गेले की ही त्यांच्या खुर्चीत. मशीन हँग झालं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

खाली पिवळं पडलेलं गवत, तरवडाची फुलं, एक वाकडी बाभूळ. वरचा पाऊण भाग नुसतं आभाळ.

आणि त्या आभाळात सरळ वर निघालेला एवढासा चंडोल.

प्रिंट घरी आणली तेव्हा आप्पांनी खूप वेळ बघितली. मग म्हणाले, "चांगलं हाय. पर ह्यात स्वातंत्र्य कुठाय गं?"

"आप्पा, गावात कुठं कुठं जायचं न्हाई ते आई घरातनं निघतानाच सांगायची. माळावर शेळ्या घेऊन गेलो की कुणी इचारायचं न्हाई, कुणाची गं तू म्हणून."

आप्पांनी प्रिंट तिच्या हातात दिली आणि बाहेर जाऊन बसले.

मालकांना चित्र आवडलं. पतसंस्थेलाही. कोपऱ्यात तिनं बारीक टाइपात नाव टाकलं होतं. शैला खरात.

प्रकाशनाला आप्पा, आक्का आणि मी, तिघंही गेलो. आक्कानं गेलेल्या आईची ठेवणीतली साडी नेसली होती. शेवटच्या रांगेत बसलो. पाहुण्यांनी कॅलेंडर उलगडलं आणि म्हणाले, "आपल्या मातीतलं स्वातंत्र्य दाखवणाऱ्या या कलाकाराचं मला कौतुक वाटतं."

आक्का उठायला लागली.

स्टेजवर मालकांचा पुतण्या गेला. शाल, नारळ, फोटो. कोपऱ्यात नाव त्याचं छापलं होतं.

आप्पांनी आक्काचं मनगट धरलं. "बस खाली. उद्या कामावर घेत्याल का तुला?"

ती बसली. टाळ्या वाजत होत्या. आमच्या आजूबाजूचे लोकही वाजवत होते, त्यांचा काय दोष.

दुसऱ्या दिवशी तिनं मालकांना विचारलं, "सर, माझं नाव?"

"अगं, जागाच नव्हती."

पाऊण भाग आभाळ असलेल्या चित्रात तिच्या नावाला जागा नव्हती.

मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि खरात वाचलं की संस्थेतले चार लोक विचारणार, कुठले, कोण. तुला कळतंय ना सगळं. शहाणी आहेस."

तिनं बाहेर येऊन चपला घातल्या आणि घरी आली. परत गेली नाही. आप्पा तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. मग स्थळ आलं, लग्न झालं.

भाऊजी वाईट नव्हते. पण हातात पेन्सिल दिसली की म्हणायचे, "सुरू झालं का परत?" एक दिवस तिनंच बंद केलं.

मध्ये कुणीतरी ते जुनं कॅलेंडर स्कॅन करून व्हॉट्सॲपवर सोडलं. दर पंधरा ऑगस्टला फिरतं. तिच्या पोरानं, निखिलनं, तिला मोबाईल दाखवला. मी समोर होते.

"आई, कसलं भारी चित्र आहे बघ."

"बरं हाय," ती म्हणाली आणि भाताखालचा गॅस बारीक करायला गेली.

मी आत जाऊन तिला म्हटलं, "सांग की त्याला."

"सांगून काय? माझ्या नावाचं कुठाय ते."

मग किडनीचं दुखणं निघालं. डायलिसिस, मिरजेच्या चकरा. परवा संपलं.

काल सेंटरचे ते मालक भेटायला आले. आता काठी आहे. खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "फार हुशार मुलगी होती. आमच्याकडेच शिकली."

मी म्हटलं, "आवं, त्या कॅलेंडरवरचं चित्र कुणी काढलं होतं, तेवढं सांगा सगळ्यांसमोर."

खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

ते काठीकडे बघत म्हणाले, "आता कशाला ते जुनं उकरायचं, ताई." आणि उठले. चपला शोधायला त्यांना वेळ लागला. कुणी पुढं करून दिल्या नाहीत.

निखिल म्हणाला, "मावशी, कुठलं चित्र?"

मी सांगितलं.

त्यानं मोबाईल काढला, चित्र शोधलं, दोन बोटांनी मोठं केलं. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मी तिलाच दाखवत होतो."

 

आक्का, जय भीम. हा शेवटचा.