काच वर केलेली गाडी

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमला सगळ्यात जास्त गोल खायला लावणारा माणूस आज सकाळी पुण्यात गेला.

तो समोरच्या टीमचा नव्हता. स्टँडमध्ये माझ्या शेजारी बसायचा, हातात करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाचा चहा घेऊन.

दिघे काका. दुबईत अल मनखूलला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे. त्यांचा मुलगा मंदार टीमचा डिफेंडर आणि माझा क्लासमेट. शुक्रवारी मॅच असली की काका मला खालून हाक मारायचे, "शलाका, यल्ला, चल चल! टॉस होऊन जाईल!"

टॉस आमच्यासाठी कधीच थांबला नाही, आणि काका कधीच उशिरा पोचले नाहीत.

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. दुबईतला मार्च, ऊन तापायच्या आधीचे शेवटचे बरे दिवस.

त्या वर्षी नवा सुदानी कोच आला आणि त्याने टीमचा सगळा अटॅकच बदलला.

आधी आमचा गेम सोपा होता. मागून बॉल लांब मारायचा, पुढे एक ताडमाड फॉरवर्ड होता, तो डोक्याने गोल करायचा. खलास.

तो फॉरवर्ड पास होऊन गेला. काकांच्या डोक्यातून मात्र गेला नाही.

कोच म्हणाला, आता मागूनच छोटे छोटे पास देत पुढे जायचं. पोरांना ते जमेना. स्वतःच्याच गोलसमोर पास चुकायचे आणि स्टँडमध्ये आमचा जीव टांगणीला लागायचा.

मागच्या रांगेतले पठाण अंकल कपाळ बडवायचे. "अरे, आगे जाना है कि घर जाना है?"

आणि काका उठून उभे राहायचे, "मंदार, लांब माआआर!"

आता खरी गंमत ऐका. आमच्या मागच्या फळीत तिघं मराठी होते. कोच ओरडायचा "शॉर्ट!", काका ओरडायचे "लांब मार!", आणि लहानपणापासून काकांचा आवाज ऐकलेली ती तिघं नेमकी मधल्यामध्ये लटकायची. ना शॉर्ट, ना लांब. बॉल सरळ समोरच्याच्या पायात.

कोचला मराठीचा गंध नव्हता. त्याला वाटायचं, अंकल चिअर करतायत. तो वळून हात करत आभार मानायचा, "शुक्रन, अंकल!"

काकाही खुशीत हात करायचे. मला हसावं की रडावं कळायचं नाही.

मग शारजाच्या टीमशी शेवटची प्रॅक्टिस मॅच आली. त्यानंतर कोच टुर्नामेंटची टीम जाहीर करणार होता. मंदारचं हे शेवटचं वर्ष.

पहिला गोल मंदारमुळे बसला. दुसराही मंदारमुळेच. दोन्ही वेळा आधी काकांची आरोळी होती.

कोचने मंदारकडे बघून बेंचकडे बोट दाखवलं. अजून एक चूक, की बाहेर.

तेवढ्यात मगरिबची, संध्याकाळची अजान झाली. मॅच थांबली. नमाज पढणारी मुलं भिंतीकडे गेली, बाकीची पाण्याकडे. मंदार सरळ रेलिंगपाशी आला.

"बाबा, please. Don't shout."

"अरे, मी तुझ्याच भल्यासाठी..."

"I know, बाबा. पण तुमचा आवाज आला की माझा पाय तुमचं ऐकतो. मी काय करू? He's picking the team today."

काका मान हलवून खाली बसले.

सेकंड हाफ सुरू झाला. मंदारने पहिलाच बॉल मागे दिला आणि काकांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. पुढच्या बॉलला त्यांनी चहाचा ग्लास माझ्या हातात दिला.

"नाही जमणार मला. मी गाडीत बसतो."

गाडी गोलपोस्टमागे, कुंपणाला लागून उभी होती. काका आत बसले आणि चारही काचा वर केल्या.

मी मॅच सोडून तिकडेच बघत होते. फ्लडलाइटमध्ये सगळं दिसत होतं. काका आत जीव खाऊन ओरडत होते. तोंड उघडतंय, हात हवेत, आणि बाहेर जरासुद्धा आवाज नाही.

मंदारकडे बॉल आला. समोरून दोघं धावत आले. आमचा अख्खा स्टँड उठून उभा.

काकांची मूठ स्टिअरिंगवर आपटली आणि हॉर्न वाजला!

मंदारने गाडीकडे बघितलं. मला वाटलं, गेला हा. मारतोय आता लांब.

तो हसला. आणि शेजारी छोटा पास दिला. तिथून पुढे, तिथून परत मध्ये, आणि कसा कोण जाणे, गोल! पठाण अंकलनी मला जवळजवळ उचललंच.

मॅच आम्ही हरलोच. पण कोचने पहिलं नाव मंदारचं घेतलं.

मग कोच गाडीपाशी गेला आणि त्याने काच ठोकली. "Uncle, why you go? My boys need your voice!"

काकांनी मंदारकडे बघितलं. मग गळ्याला हात लावला. "गला बैठ गया, हबीबी."

त्यानंतरची प्रत्येक मॅच काकांनी गाडीत बसून बघितली. काचा वर करून. पोरासाठी एवढं गप्प बसणारा एवढा बोलका माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सकाळी मंदारचा फोन आला. सांगत होता, काका गेले तेव्हा आयसीयूत होते आणि तो काचेबाहेर उभा होता.

"शेवटी त्यांचे ओठ हलले, शलाका. काहीतरी म्हणाले ते. I couldn't hear him, यार. मला काहीच ऐकू आलं नाही."

आणि तो लहान मुलासारखा रडला. मीही रडले.

काका, निरोप.

आता तेवढी काच खाली करा. आणि जोरात ओरडा. मंदार ऐकतोय.