अक्काची अँटेना

नव्वदच्या दशकात आम्ही बेंगळुरूला राहायचो. माझी थोरली बहीण, आमची अक्का, जन्मापासून अंध होती. पण परीक्षा देऊन तिने हॅम रेडिओचा, म्हणजे हौस म्हणून घरून रेडिओवर इतरांशी बोलण्याचा, परवाना मिळवला होता. एका वादळात गच्चीवरची तिची अँटेना मोडली.

"नवी आणतो," मी म्हणालो.

"नको. केबल टीव्हीची उरलेली वायर आहे ना, ती दे."

तिने वितीने माप घेतलं आणि आतल्या तांब्याच्या जाळीला धक्का न लावता ब्लेडने वरचं काळं आवरण सोललं. मग ती जाळी बोटांनी सैल करून, मोजा उलटा करावा तशी तिने वायरीवरच खाली ओढून घेतली. मधली तार वर मोकळी राहिली. झाली अँटेना. मी ती प्लास्टिकच्या पाइपात घालून गच्चीवर उभी केली.

खाली येतो तर शहरातल्याच हेब्बाळ भागातले एक गृहस्थ रेडिओवर कन्नडमध्ये तिला विचारत होते, "आवाज छान येतोय. अँटेना कुठून घेतली?"

"घरीच केली," अक्का म्हणाली आणि कृती सांगू लागली.

"स्वल्प सावकाश, अक्का. मी लिहून घेतोय."

ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. सांगताना तिची बोटं हवेतच वायर सोलत होती. मी दारात उभा राहून अभिमानाने बघत राहिलो.