माळ काढली तो रविवार

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे आणि जगात पदार्थाखेरीज दुसरं काही नाही हे, कुणी विचारो न विचारो, ऐकवत असे. राग, माया, पश्चात्ताप, सगळी मेंदूतली रसायनं. आपण ठरवतो असं माणसाला नुसतं वाटतं. मी तोंड उघडलं की स्टाफरूममधले लोक चहा उरकून उठायचे. हक्काचा श्रोता एकच, माझा धाकटा भाऊ.

तो चितेगावला एका कारखान्यात होता. दहा वर्षं प्यायला. मग एक दिवस गंगापूरकडच्या आमच्या गावी जाऊन गळ्यात तुळशीची माळ घालून आला. आमच्याकडे माळ घातली की दारू-मटण बंद. अकरा महिने तो थेंबालाही शिवला नाही.

एका रविवारी माझ्या घरी जेवताना माळ चाचपत तो म्हणाला, "ठरवलं की व्हतंय बगा, दादा."

ते "ठरवलं" मला सहन झालं नाही. हात वाळेपर्यंत मी त्याला समजावत बसलो. "तू काही ठरवलं नाहीस. शरीर थकलं तुझं. ही माळ म्हणजे लाकूड. पीत होतास तेव्हाही तुझ्या हातात काही नव्हतं, आताही नाही." खोटं कशाला सांगू, त्याच्या मनावरचं ओझं उतरवतोय असंच मला वाटत होतं. तो मान हलवत राहिला. घरात शिकलेला मी एकटा, मला उलटून बोलायची त्याला सवयच नव्हती.

जाताना त्याने माळ काढून टेबलावर ठेवली. "मग उगं कशाला गळ्यात?" मला आनंद झाला. तो आनंद आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तो पुन्हा प्यायला लागला. वर्षभरात त्याचे डोळे पिवळे पडले. दवाखान्यात मी त्याच्यावर ओरडलो, "अरे, आवरता येत नव्हतं का तुला?"

त्याने नवलाने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच म्हनले व्हते ना दादा, माझ्या हातात काय नाय म्हनून." टोमणा नव्हता तो. त्याने माझं ऐकलं होतं, बस.

तेराव्यानंतर भावजय माझ्यासमोर येऊन बसली. इतक्या वर्षांत ती माझ्याशी सरळ कधी बोलली नव्हती.

"दादा, एक इचारू? ते अकरा महिने त्यांनी मनानं सोडली व्हती, का नुसतंच तसं झालं व्हतं?"

नवऱ्याने आपल्यासाठी एकदा तरी काही केलं, एवढंच तिला हवं होतं. नुसतंच तसं झालं म्हणालो असतो तर मीही निर्दोष ठरलो असतो. माझी आयुष्यभराची शिकवण तीच होती.

"त्यानं मनानं सोडली होती," मी म्हणालो. माझा त्यावर विश्वास नव्हता, आजही नाही.

ती खूप रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "मग त्यांच्या हातात काय नाय, असं तुम्ही त्यांना कामून सांगितलं?"

दुसरं काही घडूच शकलं नसतं, हे उत्तर मला पाठ होतं. तिच्या तोंडाकडे बघून ते देववलं नाही.