उंबऱ्याऐवजी

सत्तरच्या दशकात आष्ट्याला बालवाडीच्या बाई आयांची सभा घ्यायच्या. माझा धाकटा भाऊ दिसेल त्याला मारायचा, म्हणून आई आम्हा दोघांना घेऊन गेली. बाई म्हणाल्या, "पोर उंबऱ्याला अडखळून पडलं की तुम्ही 'हाण उंबऱ्याला' म्हणता. तिथंच ते मारायला शिकतं." आईला ते लगेच पटलं, उंबरा म्हणजे लक्ष्मी, तिला कसलं मारायचं?

दुसऱ्या दिवशी भाऊ पडला आणि सवयीनं त्यानं उंबऱ्यावर हात उगारला. आईनं तो वरच्यावर धरला. मी चुलीपाशी भाकरी थापत होते.

"उंबऱ्याला न्हाई रं राजा. ताईनं पाडलं तुला, हाण तिला."

मी उठून पुढं आले.

"वाकून हुबी ऱ्हा," आई मला म्हणाली, "त्येचा हात पोचत न्हाई."